मोंताराचा खालचा पूल

६ सप्टेंबर २०१६, मंगळवार

काल संध्याकाळी निशिकांत सरांकडे, इथे सिंगापुरातच पासिर रिसला, गणपतीला गेले होते. ते आमचे संपादक. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे बोलावल्यावर नाही म्हणता आलं नाही. आरती झाली, मी टाळ्या वाजवल्या. नंतर स्वयंपाकघरात मेधाताईंना, म्हणजे सरांच्या बायकोला, वाट्या पुसून देत होते. त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे किती दिवसांचा असतो गं?"

मी म्हटलं, "दीड दिवसाचा."

"कोल्हापूर ना तुमचं? मग विसर्जन रंकाळ्यात?"

"पंचगंगेत."

आमच्या घरी गणपती बसत नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हापासून. "आमच्याकडे नसतो" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मेधाताईंनी पुढे काही विचारलं नसतं. किंवा विचारलं असतं. त्या "किंवा"ला घाबरून मी एक सण बसवला आणि त्याचं विसर्जनसुद्धा केलं.

जाधव हे आडनाव असं आहे की समोरच्याला हवं ते समजता येतं. आजवर मी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. समजू दिलं होतं. कालपासून तेही म्हणता येणार नाही.

९ सप्टेंबर, शुक्रवार

नवं काम मिळालं. "नदी आणि वस्ती" ही माध्यमिक शाळांसाठीची इंग्रजी पुस्तिकांची मालिका. एक पुस्तिका, एक लहान गाव. मला इटलीतलं मोंतारा आलं. लिस्का नावाच्या नदीच्या खोऱ्यात, वस्ती अडीच हजाराच्या आत. ते मी कधी पाहणार नाही. पाया लेबारच्या ऑफिसात नवव्या मजल्यावर बसून त्याचा भूगोल आणि इतिहास लिहायचा.

लिस्का चुनखडीच्या डोंगरातून निघते. वरचं खोरं इतकं अरुंद की हिवाळ्यात दुपारी दोनला सावली पडते. मोंतारापाशी ते जरा रुंदावतं, आणि तिथेच गाव बसलंय. दोन पूल. वरच्या पुलापाशी गिरणी, चर्च आणि पाण्याचा दगडी हौद. खालच्या पुलाखाली उजवीकडून एक ओढा येतो, तो वालुकाश्मातून आल्यामुळे त्याचं पाणी मऊ. डोंगरावर चेस्टनटची झाडं.

चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. सांधेतापानं अंथरुणात होते, आजोबांनी घरी शिकवलं. कुठलाही नकाशा उघडला की ते आधी विचारायचे, "पाणी कुठून येतं, कुठे जातं, आणि मधे कोण बसलंय?" आज तेच तीन प्रश्न वहीत लिहिले आणि कामाला लागले. बरं वाटलं. मंगळवारपासून पहिल्यांदा.

१५ सप्टेंबर, गुरुवार

आमच्याकडे प्रत्येक विधानाला दोन सोर्स लागतात. पुस्तिकेबरोबर त्यांचा तक्ता जोडायचा, त्याला सोर्स शीट म्हणतात. खोटा सोर्स दिला तर करार तिथेच संपतो, असं नोकरीला लागताना सही करून दिलंय. ऑफिसात मला "डबल चेक" म्हणतात. आमची डिझायनर हुई मिन म्हणते, "अंजली, यू चेक अंटिल द फॅक्ट ऑल्सो टायर्ड, लाह."

आज एका चित्रावर अडले. मोंताराच्या संग्रहालयानं पाठवलेलं, अठराव्या शतकातलं. नदीकाठी जमिनीत चौकोनी खड्डे, त्यांत गुडघ्यापर्यंत उतरलेली माणसं, एकजण तिरप्या ओंडक्यावर ओणवा. फोटो एजन्सीनं खाली लिहिलंय, "द्राक्षं तुडवणारे मोंताराचे शेतकरी." दुसरा सोर्स कुठेच नाही. आणि मला ते चित्र पटत नाही, का ते सांगता येत नाही.

१७ सप्टेंबर, शनिवार

चित्र आजोबांना पाठवलं. ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत, कोल्हापूरला माझा भाऊ धम्मदीप त्यांच्याजवळ असतो. पाच मिनिटांत व्हिडिओ कॉल आला. भिंग डोळ्याला लावूनच बसले होते.

"दारूवाले नाहीत हे, अंजू. हे कातडी कमावणारे. खड्डे चुन्याचे आहेत. केस सुटायला कातडं त्यात भिजत घालतात. तो ओणवा माणूस दोन मुठींच्या पात्यानं केस खरवडतोय. आणि ही कुत्री बघ. द्राक्षांपाशी सहा कुत्री कशाला बसतील?"

"पण मला सोर्स हवा ना आजोबा."

"चित्रच सांगतंय की. गावाची भिंत बघ. या बाजूला एक तरी खिडकी आहे का?"

नव्हती. एवढी घरं नदीला लागून, आणि नदीकडे एकही खिडकी नाही. मी दोन दिवस ते चित्र बघत होते.

"वास," आजोबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं भरायचे हे लोक?"

मी सांगितलं की चौदाशे सतराचा गावचा नियम सापडलाय. कातडी फक्त खालच्या पुलाखाली धुवायची. आणि त्या लोकांनी वरच्या हौदाचं पाणी भरायचं नाही, वरच्या पुलावर ओझं टेकवायचं नाही.

"मग गाव माझ्या ओळखीचं आहे," आजोबा म्हणाले आणि हसले. "वर आले का ते पुढे कधी?"

"एकोणिसाव्या शतकात. पैसा आला त्यांच्याकडे. दोघे तर महापौर झाले."

"मुली दिल्या का त्यांना वरच्यांनी?"

"त्याला सोर्स मिळत नाही."

"त्याला कुठेच मिळत नाही," म्हणाले. मागून धम्मदीप मोठ्यानं हसला. मी पण हसले.

अकराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत आजोबा पणजोबांबरोबर कातडी कमावण्याच्या कारखान्यात होते. हे आमच्या घरात कधी लपवलेलं नाही. जेवताना, पाहुण्यांसमोर, कधीही निघतं. घरात.

२० सप्टेंबर, मंगळवार

संग्रहालयाला विचारलं. तिथल्या डोनाटेलाबाईंचं लगेच उत्तर आलं: खड्ड्यांची जागा त्यांच्या जुन्या नकाशात कातडीवाल्यांचीच आहे, चित्राखालची ओळ एजन्सीची चूक, आमच्याही लक्षात आली नव्हती. हा झाला एक सोर्स. दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं, "बी. जाधव, निवृत्त, कोल्हापूर."

निशिकांत सर खूश झाले. खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशीच बसले.

"कमाल केलीस. पण निवृत्त म्हणजे काय? कशातून निवृत्त?"

"लेदर," मी म्हटलं.

"लेदर टेक्नॉलॉजिस्ट?"

मी मान हलवली.

"डॉक्टरेट असेल ना? कोल्हापुरात त्या विषयातली जुनी मंडळी आहेत." आणि त्यांनी स्वतःच पेन्सिलीनं "डॉ." लिहिलं. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

मग म्हणाले, "जाधव म्हणजे तुझ्या नात्यातले की काय?"

"लांबचे," मी म्हटलं.

इथवर लिहून हात थांबला होता. चहा करून आले. "लांबचे" हा शब्द मी बोलले. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडी घातला नाही. ज्यांनी माझं बोट धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं ते लांबचे.

२८ सप्टेंबर, बुधवार

मजकूर पूर्ण. पाण्याच्या नियमावर सरांनी एक वाक्य सुचवलं: "स्वच्छतेच्या कारणासाठी गावाने असे नियम केले." म्हणाले, चौदा वर्षांच्या मुलांना एवढं पुरे. ठेवलं. वाईट वाक्य नाही.

रात्रीच्या जेवणानंतर आजोबांना सगळा मजकूर मराठीत करून वाचून दाखवला. त्या वाक्यापाशी त्यांनी थांबवलं.

"कातडी खाली धुवा, ही स्वच्छता झाली. पण वरचं पाणी भरू नका, यात कसली स्वच्छता? भरल्यानं हौद घाण होतो का?"

"सर म्हणाले, मुलांसाठी सोपं करायचं."

"सोपं कर की. पण सोपं केलंस की बदललंस, ते बघ." मग म्हणाले, "माझं नाव कुठे घालणार आहेस म्हणाली होतीस, त्याचं काय झालं?"

"घातलंय," मी म्हटलं. कसं घातलंय ते सांगितलं नाही. त्यांनी धम्मदीपला हाक मारून सांगितलं, "अरे, सिंगापूरच्या पुस्तकात नाव येतंय माझं." आवाजात इतका आनंद होता की मी फोन कानापासून जरा लांब धरला.

५ ऑक्टोबर, बुधवार

डोनाटेलाबाईंना "डॉक्टर जाधवांशी" बोलायचंय. संग्रहालयात त्या खड्ड्यांवर नवं दालन होणार आहे, आणि हाताची पद्धत माहीत असलेलं त्यांच्या गावात आता कुणी उरलं नाही. सरांनी लगेच होकार कळवला. अठरा तारखेला स्काइप. आजोबा मराठीत बोलतील, मी इंग्रजी करीन. सर बसणार आहेत.

आजोबांनी वीस वर्षं पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवलंय. पण ते पुस्तकी. भराभर बोललेलं त्यांना कळत नसावं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

साठ वर्षं झाली दीक्षेला. धम्मदीप नागपूरला गेलाय, आजोबांना प्रवास झेपत नाही म्हणून ते घरीच. सकाळी त्यांना फोनवर जय भीम केला. मी पांढरा कुर्ता घालून ऑफिसला गेले.

हुई मिन म्हणाली, "सो व्हाइट टुडे. गॉट ऑकेजन, आह?"

मी सांगितलं, बाकीचे कपडे धुवायला टाकलेत.

१७ ऑक्टोबर, सोमवार

उद्याची तयारी म्हणून आजोबांना फोन केला. म्हटलं, वेळ कमी आहे, फक्त कामाची पद्धत सांगा. खड्डे, चुना, साल.

"आणि ओळख?"

"ती मी करून देईन."

 मग म्हणाले, "कोण कोण असणार आहे?"

"त्या बाई. आणि आमचे सर. मराठी आहेत."

"बरं," म्हणाले. "तू म्हणशील तसं."

त्यांनी काही ओळखलं असेल असं वाटत नाही. फक्त इस्त्रीचा सदरा घालू का म्हणून विचारलं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

झालं ते जसं झालं तसं लिहिते.

चार वाजता मीटिंग रूममध्ये सर आणि मी. पडद्यावर एका चौकटीत डोनाटेलाबाई, साठीच्या, गळ्यात चष्मा लटकवलेला. दुसऱ्या चौकटीत आजोबा, इस्त्रीचा सदरा, पाठीमागे धम्मदीपचं पुस्तकांचं कपाट. सरांनी "नमस्कार डॉक्टरसाहेब" म्हटलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे कॅमेऱ्याकडे. आणि नमस्कार केला.

अर्धा तास उत्तम गेला. चुना किती दिवस, पाणी कधी बदलायचं, खरवडताना ओंडका पोटाशी कसा टेकवायचा. कातडं कमवायला आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरडा, त्यांच्याकडे चेस्टनटची साल. दोघांनी सालींचे तुकडे कॅमेऱ्यापुढे धरले. बाई इतक्या रंगल्या की माझं इंग्रजी पुरं व्हायच्या आत पुढचा प्रश्न. मी एकही शब्द गाळला नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "पण हे सगळं तुम्ही शिकलात कुठे?"

मी ते मराठीत विचारलं. आजोबा हातांकडे बघत म्हणाले, "सांग त्यांना, अकरा वर्षांचा होतो. वडिलांबरोबर कारखान्यात जायचो. चुन्याच्या खड्ड्यात उतरायचो. आमच्या लोकांचं कामच ते होतं, आम्हाला दुसरं कुणी देत नव्हतं. सतराव्या वर्षी सुटलो."

सर माझ्या डाव्या हाताला, एका खुर्चीवर. त्यांना मराठी कळतं, हे मला त्या क्षणी माहीत होतं. तरी मी इंग्रजीत म्हटलं, "ते म्हणतात, तरुणपणापासून त्यांना या विषयाची आवड होती. त्यांनी बरीच वर्षं लेदर लॅबोरेटरीत काम केलं."

डोनाटेलाबाई म्हणाल्या, "हाऊ वंडरफुल."

सरांनी पेनचं टोपण लावलं. पुन्हा काढलं. आजोबा कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मग मान हलवून मला म्हणाले, "बरं. पुढचं विचार."

आवाज मधूनमधून तुटत होता. त्यांना नीट ऐकू गेलं नसावं.

१९ ऑक्टोबर, बुधवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"अंजली, मी काही विचारणार नाही हं."

मी उभीच होते.

"माझ्या मनात तसलं काही नसतं. तुला माहितीये."

"हो सर."

"आपण डॉक्टर तेवढं काढू. टेक्नॉलॉजिस्ट राहू दे. मुलांना काय फरक पडतो? सोर्स शीट बदलायला गेलं की वरच्यांना कारण द्यावं लागेल, आणि डिसेंबरात तुझा वर्क पास रिन्यू व्हायचाय. कशाला उगाच." मग म्हणाले, "मेधालाही मी काही बोलणार नाही."

मी "थँक यू" म्हटलं. दोनदा म्हटलं. कशाबद्दल, ते संध्याकाळपासून शोधतेय. त्यांनी काय पाहिलं, जे मेधाताईंना सांगायचं नाही? मी खोटं बोलले ते, की आजोबा खरं बोलले ते?

पण त्यांनी माझी नोकरी सांभाळली, हेही खरं आहे. ते लिहायला हवं.

२० ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी धम्मदीपचा मेसेज. आजोबांनी डोनाटेलाबाईंना हातानं पत्र लिहिलंय, त्याचा फोटो. खाली धम्मदीपनं लिहिलंय, "आजोबा म्हणतात, स्पेलिंग बघ आणि पुढे पाठव. नाही पाठवलंस तरी चालेल म्हणतात."

पत्र इंग्रजीत आहे. एकही स्पेलिंग चुकलेलं नाही. इथे मराठीत उतरवून ठेवते. या वेळी काही न गाळता.

"मॅडम, परवा आपण विचारलंत की हे मी कुठे शिकलो. लाईन खराब असल्यामुळे माझं उत्तर आपल्यापर्यंत पोचलं नसावं. मी कुठल्याही लॅबोरेटरीत नव्हतो. वयाच्या अकराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत मी कातडी कमावण्याच्या कारखान्यात मजूर होतो. माझे वडील मरेपर्यंत तिथेच होते. चुन्यानं नखं जातात, पण ती पुन्हा येतात. मी संध्याकाळच्या शाळेत शिकलो आणि पुढे पस्तीस वर्षं शिक्षक होतो. आपल्या चित्रातला ओणवा माणूस पातं फार उभं धरतो आहे. तसं धरलं तर कातडं फाटेल. चित्रकार लांब उभा राहिला असावा. आपल्या गावातल्या त्या भिंतीला आता खिडक्या पाडल्या आहेत का, ते कृपया कळवावं. अंजली माझी नात आहे. तिला चौथीपर्यंत मीच शिकवलं. तिच्या भाषांतरात काही चूक झाली असेल, तर ती माझ्या शिकवण्यातली समजावी. आपला, बाबूराव जाधव."

"लॅबोरेटरी" हा शब्द त्या तासाभरात एकदाच आला. माझ्या तोंडून, इंग्रजीत.

लाईन खराब नव्हती.

हे ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. लिफ्टनं उतरले असते तर कुणीतरी भेटलं असतं.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सव्वानऊला पत्र डोनाटेलाबाईंना पाठवलं. सोबत मी चार ओळी लिहिल्या: लाईन चांगली होती, त्यांनी जे सांगितलं ते मी मुद्दाम बदललं, ते माझे आजोबा आहेत, डॉक्टर नाहीत. तीच मेल निशिकांत सरांना. "मुद्दाम" हा शब्द तीनदा काढला आणि तीनदा घातला.

सर दहाला आले. वाचून माझ्याकडे आले, खुर्ची ओढली नाही.

"मी तुला सोपा रस्ता दिला होता."

"हो सर."

"आता मला वर कळवावं लागेल. तुझ्या पासचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"हो सर."

"तू मला एकदा सांगायचं तरी होतंस. मी काय तुला..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. मग म्हणाले, "आमच्या घरी गणपतीला आलीस, जेवलीस, कुणी काही म्हटलं का?"

"नाही सर. मीच म्हटलं. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो म्हणाले. आमच्याकडे नसतो."

त्यांना ते माहीत नव्हतं.  रागावले की त्यांना वाईट वाटलं, ते मला कळलं नाही. "बरं, छपाई आज आहे, आधी ते बघ," एवढं म्हणून गेले.

दुपारी स्वच्छतेचं वाक्य काढलं. तिथे लिहिलं: "कातडी खाली धुण्याचं कारण स्वच्छता असू शकतं. वरच्या हौदाचं पाणी भरू न देण्याचं कारण नियमात दिलेलं नाही." खाली मुलांसाठी प्रश्न घातला: तुम्हाला काय वाटतं? सरांनी तो पाहिला आणि राहू दिला.

सोर्स शीट बदललं आणि आभाराच्या पानावरची ओळही. पाचला आजोबांना फोन केला. मंगळवारबद्दल काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. पण तोंड उघडल्यावर फक्त "आजोबा, मी..." एवढंच आलं.

"पत्र पाठवलंस?"

"पाठवलं."

"स्पेलिंग?"

"एकही चूक नव्हती."

"मग झालं. रडू नकोस, ऑफिसात आहेस. नाव कसं घातलंयस ते वाच."

मी वाचलं. "बाबूराव जाधव, निवृत्त शिक्षक आणि पूर्वीचे कातडी कामगार, कोल्हापूर. लेखिकेचे आजोबा."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, आता खरंच लाईन गेली.

"अंजू, मी आधी काय होतो?"

"म्हणजे?"

"आधी शिक्षक झालो आणि मग कातडी खरवडली का?"

 ती ओळ मी दुपारी चार वेळा तपासली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या म्हणून पुढे गेले होते. शिक्षक वर ठेवलंय, हे मला दिसलंच नव्हतं.

"इतिहास लिहितेस ना?" आजोबा म्हणाले. "मग तारखेनं लाव." त्यांच्या आवाजात राग नव्हता. चौथीच्या आधीसुद्धा ते असंच सांगायचे.

हुई मिन साडेपाचला फाइल बंद करत होती. मी म्हटलं, एक ओळ बदलायचीय. तिनं बघितलं आणि वैतागली. "सेम वर्ड्स, ओन्ली चेंज प्लेस. फॉर व्हॉट?"

"ही इज माय ग्रँडफादर," मी म्हटलं. "फर्स्ट ही स्क्रेप्ड हाइड्स. देन ही बिकेम अ टीचर."

"ओह," ती म्हणाली. "देन शुड बी लाइक दॅट, लाह." आणि शब्द उचलून पुढे ठेवले.

सरांच्या केबिनचं दार उघडं होतं, आणि मी हे मोठ्यानं बोलले. बोलताना माझी नजर खाली, कीबोर्डवर होती. तेही लिहून ठेवते.